कचरापेटीतली फ्लॉपी

अनेकार्थता हा काव्यात गुण मानला जातो. संगणकाच्या पडद्यावर मात्र ती दोष ठरते. तेथे शब्दाचा अर्थ निसटला, तर आपण लिहिलेले नाहीसे होईल की काय, अशी धास्ती माणसाला वाटते. या धास्तीचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

१९८४ च्या जानेवारीत ॲपलचा मॅकिन्टॉश आला. त्यात फ्लॉपीसाठी एकच खाच होती आणि एका फ्लॉपीत ४०० किलोबाइट मजकूर मावे. ती काढण्यासाठी बाहेर बटण नव्हते. ती संगणकाच्या आज्ञेनेच बाहेर येई. मेनूतील 'इजेक्ट' निवडले की फ्लॉपी हातात येई, पण तिचे चित्र फिकट होऊन पडद्यावर उरे. संगणकाने तिला अजून आपल्या हिशेबात धरलेले असे आणि गरज पडताच तो ती परत मागे. फ्लॉपीबरोबर चित्रही जावे, यासाठी ते कचरापेटीवर ओढावे लागे. त्याच पेटीत टाकलेली फाइल नष्ट होण्याच्या वाटेला लागे. फ्लॉपी मात्र सुखरूप बाहेर येई. एकाच चिन्हाने 'नष्ट कर' आणि 'विसरून जा' असे दोन अर्थ वाहिले.

युनिक्सने १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतच या क्रियेला वेगळा शब्द दिला होता: 'माउंट', म्हणजे चढवणे. यंत्रावर टेपचे रीळ चढवणाऱ्यांना तो सहज कळे. घरी पत्र लिहू पाहणाऱ्याला त्यातून काय कळणार? आयबीएमच्या १९८१ च्या पीसीने तर नुसती अक्षरे वापरली. ए आणि बी फ्लॉपींसाठी. १९८३ च्या एक्सटीमधील १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कला सी मिळाले. फ्लॉपी गेल्या, तरी सी आहेच. आपल्या 'पेन ड्राइव्ह'मध्येही फिरणारे काही नसते, पण त्या नावाने कोणाचे काही बिघडत नाही.

म्हणजे नाव वस्तूशी तंतोतंत जुळले पाहिजे, असे नाही. कृतीनंतर काय होईल, हे मात्र त्यातून कळले पाहिजे. २००१ च्या मॅक ओएस टेनमध्ये डिस्क ओढताच कचरापेटीचे चित्र पालटून 'बाहेर काढा' अशी खूण दिसू लागली. ओढण्याची कृती तीच राहिली; तिचा अर्थ तेवढा आधी कळू लागला. परिभाषा घडवताना आपणही हीच कसोटी लावावी, असे आम्हांला वाटते.