विंडमिल पिचिंगची जडणघडण

१८८७ सालच्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात, येल आणि हार्वर्ड यांच्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकण्यास जमलेल्या तरुणांपैकी एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याकडे भिरकावला, दुसऱ्याने तो दांड्याने टोलविला, आणि जॉर्ज हॅनकॉक यांनी त्याच हातमोज्याचा चेंडू बांधवून घेऊन एका नव्या खेळाची तजवीज केली. बंदिस्त दालनात खेळावयाच्या या बेसबॉलात चेंडू कमरेखालून टाकण्याचा शिरस्ता पडला. आणि पुढे खेळ मोकळ्या मैदानावर आला, १९३३ साली शिकागोच्याच जागतिक प्रदर्शनात त्याची मोठी स्पर्धा भरली, सॉफ्टबॉल या नावाने त्याचे नियम एकत्र कलमबंद झाले, तरी भिंतींनी घातलेले ते बंधन मात्र उठले नाही.

या बंधनातूनच विंडमिल पिचिंगची विद्या उपजली, असे माझे स्पष्ट मत आहे. हात कमरेखाली असावा, मनगट कोपरापेक्षा शरीरापासून दूर जाऊ नये, एवढी मनाई कायद्याने केली. परंतु चेंडू सुटण्यापूर्वी बाहूने कोणता मार्ग आक्रमावा याविषयी बरीच मोकळीक ठेवली. काहींनी हात गोफणीसारखा मागे ताणून पुढे झोकला, आणि ही स्लिंगशॉट पद्धत कमी प्रतीची मुळीच नव्हती: कनेक्टिकटच्या रेबेस्टॉस ब्रेकेट्स संघाच्या जोन जॉयस यांनी १९६१ साली वॉटरबरी येथे टेड विल्यम्ससारख्या थोर बेसबॉल फलंदाजाला हतबल केले ते याच पद्धतीने. इतरांनी हात समोरून मस्तकावर, तेथून मागे आणि खाली असा पूर्ण फिरविला. हीच विंडमिल. तिचेही फेरे बेसुमार होऊ लागल्यास फलंदाज भांबावेल, म्हणून दीडपेक्षा अधिक फेऱ्यांस नियमाने प्रतिबंध केला. तथापि एका फेऱ्यातही चेंडूला वेग घेण्यास गोफणीच्या झोक्यापेक्षा दीर्घ पथ मिळतो, पायाच्या झेपेशी हाताची लय सहज जुळते, आणि नवशिक्या मुलीस ती लय टप्प्याटप्प्याने शिकविता येते. विंडमिल सर्वत्र रूढ झाली याची ही कारणे मला पुरेशी वाटतात.

तिचा अभ्यास वर्तुळापासून आरंभ होत नाही. प्रथम जाळीपासून थोड्या अंतरावर उभे राहून, हात मांडीजवळ ठेवून, केवळ मनगटाच्या झटक्याने चेंडू सोडावयाचा. मग अर्धा फेरा. मग पूर्ण फेरा. आणि तो अंगवळणी पडल्यावर मागच्या पायाने जमीन घासत पुढच्या पायाची झेप. बोटांनी दिलेल्या फिरकीवर चेंडू खाली बुडेल की फलंदाजाला वर उसळल्याचा भास देईल हे ठरते, म्हणून वर्षानुवर्षे तोच एक क्षण घोटला जातो. त्रेचाळीस फुटांवरून ताशी पासष्ट मैलांनी आलेल्या चेंडूस फलंदाजापाशी पोहोचण्यास अर्धा सेकंदही लागत नाही.

ही हालचाल निसर्गानुरूप असून खांद्यास तिचा उपद्रव नाही, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती, आणि त्या सबबीवर एकाच पिचरकडून लागोपाठ सामने खेळविले जात. पुढे शास्त्रीय मोजमाप झाले तेव्हा या खांद्यावरील ताण बेसबॉलच्या पिचरांच्या ताणाशी तुल्य असल्याचे आढळले. २००८ साली बीजिंगच्या ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनो यांनी एका दिवसात दोन सामने, तेही एक नऊ व दुसरा बारा डावांपर्यंत लांबलेला, आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेविरुद्धचा अंतिम सामना अशी अखंड कामगिरी करून एकूण ४१३ चेंडू टाकले व ३-१ अशा विजयाने सुवर्णपदक मिळविले. त्या पराक्रमापुढे मी आदराने नतमस्तक होतो. पण लिटल लीग या मुलांच्या क्रीडासंघटनेने २००७ पासून बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या चेंडूंवर जी संख्येची मर्यादा घातली, तिच्यासारखेच संरक्षण विंडमिल घोटणाऱ्या प्रत्येक मुलीच्या खांद्यालाही मिळाले पाहिजे.