निजामाच्या राज्यातील दोन ख्रिस्ती घरे

कौटुंबिक संकटात ख्रिस्ती विश्वास मनुष्याला बळ देतो, हे आपल्या व्यासपीठांवरून वारंवार सांगितले जाते. अशा कथनाचा क्रम बहुधा ठरलेला असतो: दुःख आले, प्रार्थना झाली, शांती लाभली. इतिहासाची साक्ष मात्र इतकी सरळ नाही. ती तपासण्यासाठी आम्ही जुन्या हैदराबाद संस्थानातील दोन ठिकाणांकडे वळतो: जालना व गुलबर्गा. १९५६ साली त्या राज्याची भाषावार विभागणी झाली, तेव्हा ही दोन्ही गावे हैदराबादपासून वेगळी झाली. आज पहिले महाराष्ट्रात, तर दुसरे कलबुर्गी या नावाने कर्नाटकात आहे. प्रस्तुत वृत्ताच्या काळी दोन्हीकडे निजामाचा अंमल होता.

जालन्याचे वृत्त मुंबईपासून सुरू होते. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत सुमारे बारा वर्षांचा होता. तोही मिशनऱ्यांच्या आश्रयाला राहिला. पित्याने न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा अज्ञान असल्याने तो पित्याच्या स्वाधीन करण्यात आला. परंतु मुलगा घरी आला म्हणून घर सावरले नाही. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनाही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला.

आपल्या मंडळीच्या इतिहासात हा प्रसंग विश्वासाच्या विजयाचा म्हणून सांगितला जातो. परंतु त्या पित्याच्या बाजूने पाहिले, तर ख्रिस्ती विश्वास हाच त्या घरावर आलेला आघात होता. एक मुलगा गेला, आणि दुसरा परत येऊनही बिरादरीच्या उंबरठ्याबाहेर उभा राहिला. हे मान्य करण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. ज्या विश्वासाने पुढे अनेकांना आधार दिला, त्यानेच आरंभी काही घरे दुभंगली, हे लपवून लिहिलेला इतिहास देवाच्या गौरवाचा ठरत नाही.

नारायण शेषाद्री पुढे दीक्षित पाळक झाले आणि जालन्यास गेले. निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ एक ख्रिस्ती वसाहत उभारली व तिला ‘बेथेल’ हे नाव दिले. तेथे येऊन राहिलेली कुटुंबे विशेषतः मातंग समाजातील, गावकुसाबाहेर ठेवलेली होती. बेथेल म्हणजे देवाचे घर. पवित्र शास्त्रात हे नाव कोणी व केव्हा ठेवले, याचे येथे स्मरण व्हावे. भावाशी वैर होऊन बापाच्या घरातून पळालेला याकोब उघड्यावर धोंडा उशाशी घेऊन निजला. त्या रात्रीनंतर त्याने त्या जागेस हे नाव दिले. शेषाद्रींच्या मनात नेमके काय होते, याविषयी आम्ही तर्क करीत नाही. जन्माचे घर गमावलेल्या एका ब्राह्मणाने, ज्यांना गावात घर नव्हते त्यांच्यासह देवाचे घर वसविले, एवढी वस्तुस्थिती पुरेशी आहे. १८९१ साली त्यांचे निधन झाले.

दुसरे वृत्त पंडिता रमाबाईंचे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत तीर्थयात्रा करीत असता उपासमारीने त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने दगावली. १८८० साली बंधू श्रीनिवास वारले आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. तेवीस वर्षांच्या विधवेच्या पदरी एक वर्षही न भरलेली मनोरमा होती.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. येथे आपल्या ठरलेल्या क्रमाप्रमाणे शांती लाभावयास हवी होती. परंतु स्वतः रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत स्पष्ट सांगितले की, त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मात्र अद्याप गवसला नव्हता. अंतरीचे समाधान लाभावयास आणखी आठ वर्षे, म्हणजे १८९१ साल उजाडावे लागले. दरम्यान १८८९ साली त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले होते. विधवांचे दुःख हलके करण्याचे कार्य त्यांनी पूर्ण शांती मिळण्याची वाट न पाहता हाती घेतले, हे लक्षणीय होय. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून शेकडो मुली घेऊन आल्या. ज्या भुकेने त्यांचे आईबाप नेले, त्याच भुकेच्या तोंडून त्यांनी परक्यांची लेकरे ओढून काढली.

केडगावहून जो लोहमार्ग सोलापूरवरून पुढे जातो, त्याच मार्गावर गुलबर्गा आहे. तेथे १९१२ च्या सुमारास रमाबाईंनी शाळा काढली आणि तिचा भार मनोरमेवर सोपविला. माहेर-सासर दोन्ही गमावलेल्या मातेची ही एकुलती एक कन्या. मातेच्या पश्चात मुक्तिमिशनची धुराही तीच वाहील, अशी अपेक्षा होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई मातेच्या आधीच निवर्तल्या. रमाबाई नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांच्यामागून गेल्या. मधल्या काळात त्यांनी मूळ भाषांवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर पूर्णत्वास नेले.

या दोन वृत्तांतून एक गोष्ट आम्हांस दिसते. विश्वासाने शेषाद्रींना भाऊ परत दिला नाही, की रमाबाईंना कन्या राखून दिली नाही. जे बळ मिळाले ते दुःख टळण्याचे नव्हते. मोडलेल्या घराची दारे इतरांना उघडून देण्याचे होते. वधस्तंभावरून प्रभूने आपल्या मातेला प्रिय शिष्याच्या हाती सोपविले, त्या घटकेला तिचा पुत्र तिला परत मिळाला नाही. परंतु तिला एक घर मिळाले. योहानाच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय आपण केवळ शुभ शुक्रवारी वाचतो. तो शोकाकुल घरी जाताना पाळकाने मनाशी घोळवावा. त्या घरी गेल्यावर लवकर शांती लाभेल असे आश्वासन देण्याची घाई नसावी. तेथील विधवेला व अनाथाला मंडळीत कोणाचे घर उघडे आहे, हे पाहून मगच प्रार्थनेस उभे राहावे.