आशेरीगड : रानाचा दरवाजा

किल्ल्यांच्या इतिहासात लढाया शोधण्याची सवय आमच्या अंगवळणी पडली आहे. एखादा गड कोणी घेतला व कोणी गमावला, हे कळले म्हणजे त्याचे चरित्र आटोपले असे आम्ही मानतो. पालघर जिल्ह्यातील आशेरीगड पाहिल्यावर मात्र ही समजूत अपुरी वाटू लागते.

मनोरच्या उत्तरेस, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यालगत, सुमारे सतराशे फूट उंचीचा हा डोंगर एकाकी उभा आहे. पायथ्याशी खडकोणा हे गाव आहे. त्याच्या मूळ बांधणीचे श्रेय परंपरेने शिलाहार भोजास दिले जाते. माथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी, तटाचे अवशेष, एक गुहा, आणि राजमुकुटाचे चिन्ह कोरलेली एक शिळा एवढेच आता पाहावयास मिळते. हे चिन्ह पोर्तुगीजांचे होय.

समुद्रावर जगणाऱ्या या लोकांना समुद्रापासून इतक्या आत असलेला डोंगर कशास हवा होता? वसई त्यांस १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाकडून मिळाली. दमण त्यांनी १५५९ साली घेतले. या दोहोंच्या मध्ये, १५५६ साली, त्यांनी आशेरी हस्तगत केला, व तोही शस्त्राने नव्हे, हबशी किल्लेदारास द्रव्य देऊन. त्याच वेळी मनोरही त्यांनी घेतले. या जोडखरेदीतच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे आम्हांस वाटते. मनोरपर्यंत वैतरणेच्या खाडीतून होड्या येत. आशेरीच्या भोवती सागाचे रान होते. रानात तोडलेला सोट मनोरास आणावा, प्रवाहाबरोबर खाली सोडावा, की तो वसईच्या उत्तरेस समुद्राला लागतो. वसईस गलबते बांधली जात. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही, आणि ओकच्या लाकडाप्रमाणे लोखंडी खिळ्यांस खाऊनही टाकीत नाही. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप तरंगत आहे, यावरून या लाकडाची योग्यता कळावी. तात्पर्य, आशेरी हे रानाच्या दाराचे कुलूप होते, आणि किल्ली वसईच्या कमरेला होती.

कुलपावर झडप पडली नाही असे नाही. १६८३ साली संभाजी महाराजांच्या सैन्याने गड घेतला. १६८७ साली तो पुन्हा पोर्तुगीजांकडे गेला. पुढे चिमाजी अप्पांची १७३७ ते १७३९ ची मोहीम झाली. जानेवारी १७३९ मध्ये तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामास आले, मे महिन्यात वसई पडली, आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपली. आशेरीही मराठ्यांच्या पदरी आला.

१८१८ साली इंग्रज आले. त्यांनी गड राखला नाही. वर जाणाऱ्या खोदीव पायऱ्या सुरुंगाने उडविल्या. तथापि यावरून त्यांस रान नको होते असे समजण्याचे कारण नाही. त्यांस कुलूप बदलावयाचे होते, इतकेच. जे काम पूर्वी डोंगरावरची शिबंदी करी, तेच पुढे १८७८ च्या वनकायद्याने कागदावर केले. तट ढासळला, पण पहारा उठला नाही.

आणि ज्यांच्या दारास हे कुलूप लागले, ती माणसे कोण? वारली, कोकणा, मल्हार कोळी. सोट तोडणारे व ओढणारे हात यांचेच. परंतु कोणत्याही राजमुद्रेत त्यांची खूण नाही. १९४५ साली डहाणू-तलासरीकडील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा गवत कापण्याची व जंगलात लाकूड तोडण्याची मजुरी हे त्या लढ्यातील मोठे प्रश्न होते. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचा रानावरील जुना अधिकार तत्त्वतः मान्य केला. राजमुकुटाच्या शिळेपासून या कायद्यापर्यंत साडेचारशे वर्षे लोटली. वाद मात्र एकच होता, रान कोणाचे?

गडावर जाणारे आमचे सुशिक्षित तरुण वाटेत भगवा लावतात व मुकुटाच्या शिळेकडे तिरस्काराने किंवा कुतूहलाने पाहतात. दोन्ही स्वाभाविक आहे. परंतु ती शिळा जपली पाहिजे, ती परक्याच्या वैभवासाठी नव्हे, तर रानाच्या किमतीची पावती म्हणून. तिच्यापासून काही अंतरावर, गुहेत, गावकऱ्यांची देवी आहे. शिलाहार, हबशी, फिरंगी, मराठे, इंग्रज असे सर्व मालक गड उतरून गेले. देवीच्या पूजेस येणारी माणसे मात्र आजही खालच्या पाड्यांतूनच येतात. गडाचा इतिहास लिहिणाराने आपली लेखणी आता त्या पाड्यांकडे वळवावी, हे उचित होय.