थायलंडला जाण्यापूर्वी थोडी थाई : सुरुवात आपल्या पालीपासून

२५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तुकोबांच्या देहूपासून काही किलोमीटरवर असलेल्या या धम्मभूमीवरची ती मूर्ती रंगूनहून आली होती. त्याच महिन्यात बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेस जाऊन आले होते. ही परिषद भरवणाऱ्या 'वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्स' या संस्थेचे मुख्यालय आज बँकॉकमध्ये आहे. म्हणजे पूर्वेकडील बौद्ध देशांशी देहूरोडचे नाते धर्मांतराच्याही आधीचे आहे.

हे नाते आता दोन्ही बाजूंनी वाहते आहे. २०२३ च्या सुरुवातीला थायलंडच्या शंभराहून अधिक भिक्खूंनी परभणी ते चैत्यभूमी अशी पदयात्रा केली. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भगवान बुद्धांच्या आणि सारिपुत्त-मोग्गल्लान यांच्या अस्थिधातू भारतातून थायलंडला दर्शनासाठी नेण्यात आल्या. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव पट्ट्यातले आपले तरुणही आता थायलंडला जाऊ लागले आहेत. कोणी कंपनीच्या कामासाठी जातो, कोणी सहलीला, तर कोणी खास विहारे पाहायला.

पण तिथे गेल्यावर बोलायचे काय? बहुतेक जण मोडक्या इंग्रजीवर आणि गाईडवर भागवतात. त्यामुळे फोटो भरपूर येतात, संवाद मात्र होत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, पाली वंदना येणाऱ्या माणसाला थाई भाषा शून्यापासून शिकावी लागत नाही. तिचा निम्मा दरवाजा आपल्यासाठी आधीच उघडा आहे.

ओळखीचे शब्द, अनोळखी उच्चार

थाई भाषेची मूळ घडण वेगळी आहे. ती मराठी किंवा पालीची बहीण नाही. पण धम्म, शिक्षण, राज्यकारभार यांतले असंख्य शब्द तिने पाली आणि संस्कृतमधून घेतले आहेत. तिची लिपीसुद्धा ख्मेर लिपीमार्गे दक्षिण भारतातल्या ब्राह्मी परंपरेतूनच आली आहे. म्हणून तिची वर्णमाला आपल्यासारखीच क-वर्ग, च-वर्ग अशी चालते. उच्चार मात्र बदलले आहेत. हे बदल कसे होतात ते कळले की शब्द ओळखू येतात.

१. ग-घ चा ख होतो. गुरू = ख्रू, गुण = खुन, नगर = नखॉन.

२. ज चा छ होतो. पूजा = बूछा, जाति = छात.

३. द-ध चा थ होतो. दान = थान, धम्म = थम, साधु = साथु, दुःख = थुक.

४. ब-भ चा फ होतो. बुद्ध = फुत, भाषा = फासा, भिक्खु = फिक्खु. हा फ ओठ मिटून म्हणायचा, 'प'मध्ये 'ह' मिसळल्यासारखा. 'फॅन'मधला फ वेगळा, थाईत त्याला स्वतंत्र अक्षर आहे.

५. उलट प चा पुष्कळदा ब होतो. पुण्य = बुन, पात्र = बात, पाप = बाप. तेव्हा थाई माणूस 'बाप' म्हणाला तर विषय वडिलांचा नाही, पापाचा आहे.

६. शब्दाच्या शेवटी र किंवा ल आला तर त्याचा न होतो. विहार = विहान, आहार = आहान, सामणेर = सामनेन, फल = फॉन.

७. शेवटचा ऱ्हस्व स्वर बहुधा गळतो. बँकॉकच्या विमानतळाच्या पाटीवर इंग्रजीत 'सुवर्णभूमी' असे लिहिलेले असते, पण म्हणायचे 'सुवन्नफूम'. टॅक्सीवाल्याला 'सुवर्णभूमी' म्हटले तर तो गोंधळू शकतो.

हे नियम सगळीकडे तंतोतंत लागू पडत नाहीत, पण ओळख पटवायला पुरेसे आहेत. आता नकाशा पाहा. अयुत्थया म्हणजे अयोध्या. सुखोथाय म्हणजे सुखोदय. कांचनबुरी म्हणजे कांचनपुरी, रातबुरी म्हणजे राजपुरी. नखॉन पथोम म्हणजे पालीतले 'नगर' आणि 'पठम', पहिले नगर. तिथला फ्रा पथोम चेदी हा सुमारे १२० मीटर उंचीचा स्तूप आहे आणि 'चेदी' म्हणजे आपले चेतिय, चैत्य.

वंदना एकच, सूर वेगळा

थाई विहारात संध्याकाळचे पठण सुरू झाले की पहिल्यांदा काहीच कळत नाही. दोन मिनिटे कान देऊन ऐकले की लक्षात येते, हे तर आपलेच त्रिसरण आणि पंचशील आहे. 'बुद्धं'चे 'फुत्थंग' झाले आहे, 'धम्मं'चे 'थम्मंग', 'सरणं'चे 'सरणंग', 'गच्छामि'चे 'खत्छामि'. शब्द तेच, क्रम तोच. तुम्ही आपल्या उच्चारात सोबत म्हणा, काही बिघडत नाही. जाण्यापूर्वी थाई पठणाचे ध्वनिमुद्रण मोबाईलवर दोन-चार वेळा ऐकून ठेवले तर सोबत म्हणणे आणखी सोपे जाते. चाकणच्या कंपनीत जाता-येता बसमधला वेळ या कामी चांगला आहे.

सुरांची अडचण

थाई शिकताना खरी कसोटी सुरांची आहे. या भाषेत पाच सूर आहेत : सपाट, खालचा, उतरता, वरचा आणि चढता. सूर बदलला की अर्थ बदलतो. 'खाव' उतरत्या सुरात म्हटले तर भात, खालच्या सुरात बातमी आणि चढत्या सुरात पांढरा. त्याहून अडचणीचा शब्द 'क्लाय'. उतरत्या सुरात त्याचा अर्थ जवळ, सपाट सुरात लांब! म्हणून रस्ता विचारताना 'की नाथी', म्हणजे किती मिनिटे, असे विचारावे. उत्तर आकड्यात मिळते, घोटाळा होत नाही.

सूर कागदावरून शिकता येत नाहीत. खालचे प्रत्येक वाक्य एकदा तरी थाई माणसाच्या आवाजात ऐकावे आणि मगच पाठ करावे. देवनागरीत लिहिलेले शब्द केवळ आठवणीसाठी आहेत.

रोजची वाक्ये

प्रत्येक वाक्याच्या शेवटी पुरुषांनी 'ख्रप' आणि स्त्रियांनी 'खा' म्हणायचे. आपल्या 'जी'सारखा हा आदराचा शब्द आहे. तो नसेल तर वाक्य तुटक वाटते.

– सवत दी : नमस्कार. मूळ शब्द 'स्वस्ति'.
– खॉप खुन : आभारी आहे. यातला 'खुन' म्हणजे आपला 'गुण'.
– खॉ थोत : माफ करा.
– माय पेन राय : काही हरकत नाही.
– छाय / माय छाय : होय / नाही.
– थाव राय : किती रुपये? (तिथे बाट)
– ... यू थी नाय : ... कुठे आहे?
– हॉंग नाम : स्वच्छतागृह. 'नाम' म्हणजे पाणी.
– माय फेत : तिखट नको.
– छुआय दुआय : वाचवा, मदत करा.

आकडे एक ते दहा : नुंग, सॉंग, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काव, सिप. वीस म्हणजे यी सिप, शंभर रॉय, हजार फन. बाजारात एवढ्यावर काम भागते.

हाक मारताना वयाने मोठ्या व्यक्तीला 'फी' आणि लहानाला 'नॉंग' म्हणतात. आपण अनोळखी माणसालाही दादा, ताई म्हणतो तसेच. हॉटेलमधल्या वेटरला, दुकानदाराला, रिक्षावाल्याला ही हाक चालते आणि त्यात आपुलकी असते.

शाकाहारी असाल तर 'किन मंगसाविरत' म्हणा. 'मांस' आणि 'विरती' हे दोन्ही शब्द त्यात ओळखू येतील. पण थाई स्वयंपाकात माशाचा सॉस सर्रास वापरतात. तो, अंडे आणि दूधही नको असेल तर 'चे' हा शब्द वापरावा. अशा हॉटेलांवर पिवळ्या रंगावर लाल अक्षरांची पाटी असते.

अडचण आलीच तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आणि रुग्णवाहिकेचा १६६९ आहे.

विहारात बोलताना आणि वागताना

थायलंडमध्ये विहार-संकुलाला 'वात' म्हणतात. 'विहान' हा त्यातला एक सभामंडप असतो. उपोसथाच्या वास्तूला 'उबोसोत' किंवा थोडक्यात 'बोत' म्हणतात.

भिक्खूंना 'सवत दी' म्हणण्याऐवजी हात जोडून 'नमत्सकान' म्हणावे, हा आपला 'नमस्कार'च. वयस्कर भन्तेंना 'लुआंग फॉ', शिकवणाऱ्या भन्तेंना 'फ्रा आचान' म्हणतात. 'आचान' म्हणजे आचरिय. भिक्खू उपासकांना उलट हात जोडत नाहीत, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. पंचांग प्रणामाला 'क्राप' म्हणतात. तो शब्द आणि बोलण्यातला 'ख्रप' यांची गल्लत करू नये.

पहाटे भिक्खू भिक्षेला निघतात. पात्रात अन्न घालण्याला 'साय बात' आणि एकूण पुण्यकर्माला 'थम बुन' म्हणतात (इथला 'थम' म्हणजे करणे). दुसऱ्याच्या पुण्याचे अनुमोदन करताना 'अनुमोथना' आणि 'साथु' म्हणतात. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, तेव्हा भोजनदान त्याआधीच करावे.

उपासिकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, वस्तूही थेट त्यांच्या हातात देऊ नये. भन्ते समोर कापड पसरतात, त्यावर ठेवावी. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बसताना पाय बुद्धमूर्तीकडे करू नयेत. फोटो काढण्यापूर्वी 'थाय रूप दाय माय' असे विचारावे. यातला 'रूप' ओळखीचाच आहे.

आपली ओळख आपण सांगावी

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. भारत ही बुद्धांची भूमी, हे थाई माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. पण त्या भूमीत आज लाखो लोक बौद्ध म्हणून जगतात आणि त्यामागे १९५६ ची दीक्षा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतेच असे नाही. भारतीय म्हणजे हिंदू, असे धरून चालणारेही भेटतात. हा समज गाईड दूर करणार नाही. तो आपण दूर करायचा आहे आणि त्यासाठी चार वाक्ये पुरतात.

– फॉम (स्त्रियांनी 'दिछन') मा चाक इन्दिया : मी भारतातून आलो (आले).
– पेन छाव फुत : मी बौद्ध आहे.
– डॉक्टर आंबेडकर पेन ख्रू खॉंग राव : डॉ. आंबेडकर आमचे गुरू आहेत.
– राव माय मी वन्ना : आम्ही जातिभेद मानत नाही. (शब्दशः 'आमच्यात वर्ण नाही'.)

शेवटच्या वाक्यात 'जात' का नाही, असे कोणी विचारेल. थाईत 'छात' म्हणजे जन्म किंवा राष्ट्र. त्यांच्या राष्ट्रगीताला 'फ्लेंग छात' म्हणतात. आपण 'छात नाकारली' असे सांगू गेलो तर ऐकणाऱ्याला वाटेल, यांनी देश नाकारला! जातिव्यवस्थेबद्दल बोलताना 'वन्ना' हाच शब्द वापरावा. एकच पाली शब्द आपल्याकडे माणसाला तोडणारा ठरला आणि तिकडे देशाचे नाव झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वर्षही त्यांच्या गणनेत सांगता यावे. थायलंडमध्ये कागदपत्रांवर बुद्धवर्ष असते आणि ते इसवी सनापेक्षा ५४३ ने पुढे असते. म्हणून १९५६ ची दीक्षा त्यांच्या लेखी २४९९ सालची, 'सॉंग फन सी रॉय काव सिप काव'. देहूरोडची मूर्ती २४९७ सालची. भारताने २५०० वी बुद्धजयंती १९५६ मध्ये साजरी केली आणि थायलंडने १९५७ मध्ये, कारण दोन्ही गणनांत एका वर्षाचा फरक आहे. बोलताना हा फरक निघाला तर गोंधळू नये.

चार रविवारांचा सराव

जाण्यापूर्वी महिनाभर आधी सुरुवात केली तरी हे सगळे जमण्यासारखे आहे. विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढावा.

पहिला रविवार : उच्चाराचे सात नियम आणि पालीतून गेलेले पंचवीस शब्द. दुसरा : रोजची दहा वाक्ये आणि आकडे, सूर ऐकून. तिसरा : विहारातले शब्द आणि वागणूक. एकाने भन्ते व्हावे, दुसऱ्याने उपासक. चौथा : आपली ओळख सांगणारी चार वाक्ये, प्रत्येकाने उभे राहून, कागद न पाहता.

ज्यांना थायलंडला जायचेच नाही त्यांनाही हा सराव उपयोगी आहे. वंदनेतल्या शब्दांचा अर्थ न कळता ती म्हणणारे आपल्यात कमी नाहीत. 'थान' म्हणजे दान, 'सीन' म्हणजे सील हे शोधता शोधता आपण पालीकडेच परत येतो. बाबासाहेबांनी पालीच्या व्याकरणावर आणि शब्दकोशावर स्वतः मेहनत घेतली होती. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या मालिकेचा सोळावा खंड त्याच कामाचा आहे. तो ग्रंथ विहाराच्या कपाटात असेल तर या निमित्ताने बाहेर काढावा. नसेल तर पहिल्या रविवारी वर्गणी काढून आणावा.