टोड लेनमधील दुकान

दुकान चालविणे हे कोणालाही जमण्याजोगे काम आहे, असे गिऱ्हाइकाला नेहमीच वाटत आलेले आहे. गल्ल्यावर बसावे, माल तोलून द्यावा, पैसे मोजून घ्यावेत. यात अवघड ते काय? आमच्या आळीतील बारा-पंधरा कुटुंबांनाही एकेकाळी असेच वाटले होते आणि त्यांनी वर्गणी काढून किराणा मालाचे एक दुकान थाटले होते. आम्ही तेव्हा शाळेत जात होतो. दीड-दोन वर्षांत त्या दुकानाच्या फळ्या कायमच्या लागल्या. मागे उरली ती उधारीची लाल वही. तिच्यातील नावे सगळी आपल्याच माणसांची, त्यामुळे वसुलीला जायचे कोणी, हा प्रश्न कधीच सुटला नाही. पुढे सहकाराचा इतिहास वाचताना रॉचडेल या इंग्लंडमधील गावाची हकीकत हाती आली, तेव्हा आम्हांस कळून आले की, आमच्या आळीने केलेली चूक त्या गावाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच करून पाहिली होती. फरक इतकाच की, ते लोक तेथेच थांबले नाहीत.

रॉचडेल हे लँकेशायर परगण्यातील, मँचेस्टरजवळचे गाव. फ्लॅनेलचे कापड विणणे हा तेथला मुख्य धंदा. यंत्रमाग आले तशी हातमागवाल्यांची मजुरी घसरत गेली आणि १८४० नंतरची काही वर्षे तर इंग्लंडच्या इतिहासात उपासमारीची वर्षे म्हणूनच ओळखली जातात. १८४४ साली मजुरीवाढीसाठी विणकरांनी केलेला संप फसला. कित्येक कारखानदारांची स्वतःचीच दुकाने असत व मजुरीचा काही भाग त्या दुकानातील मालाच्या रूपाने कामगाराच्या गळ्यात मारला जाई. १८३१ च्या कायद्याने या प्रकाराला बंदी केली खरी, पण कायदा झाला म्हणून रीत लगेच मोडत नाही. इतर दुकानदार उधारी देत; मात्र एकदा वहीत नाव चढले की त्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाण्याची वाट राहत नसे. पिठात तुरटी मिसळलेली, चहात दुसऱ्याच झाडाची वाळलेली पाने घातलेली. पण ज्याची बाकी थकलेली आहे तो तक्रार कोणत्या तोंडाने करणार? भेसळ हा त्या काळी अपवाद नसून जवळजवळ शिरस्ताच होता. डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी १८५१ पासून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मालाच्या नमुन्यांचे अहवाल छापले, तेव्हा कोठे सरकारला जाग आली आणि भेसळीविरुद्धचा पहिला सर्वसाधारण कायदा १८६० साली झाला.

रॉचडेलच्या कामगारांनी १८३३ मध्ये एक सामायिक दुकान काढले होते. ते १८३५ मध्ये उधारीपायी बुडाले. त्या अपयशातून जे शहाणे झाले, त्यांच्यापैकी चार्ल्स हॉवर्थ हे एक होत. १८४४ साली अठ्ठावीस जणांची नवी संस्था उभी राहिली. तिच्या सभासदांना सरसकट विणकर म्हणण्याचा प्रघात पडला आहे, परंतु त्यांत सुतार होते, शिंपी होते, लाकडी तळाचे जोडे बनविणारेही होते. आठवड्याला दोन-तीन पेन्स अशी वर्गणी भरून त्यांनी अठ्ठावीस पौंड जमविले. टोड लेन नावाच्या गल्लीत एका वखारीचा तळमजला सालीना दहा पौंड भाड्याने घेतला. (या नावात बेडकाचा भास होतो, वस्तुतः स्थानिक बोलीतील ‘जुनी गल्ली’ या शब्दांचा तो अपभ्रंश असावा, असे सांगतात.) दुरुस्ती आणि फळ्या-टेबलांचा खर्च वजा जाता मालासाठी उरले सुमारे साडेसोळा पौंड. तेवढ्यात आले अठ्ठावीस पौंड वजनाचे लोणी, छपन्न पौंड साखर, सहा हंड्रेडवेट म्हणजे आपल्या मापाने सुमारे तीनशे किलो गव्हाचे पीठ, ओटच्या पिठाचे एक पोते आणि थोड्याशा मेणबत्त्या. बस्स, एवढेच!

२१ डिसेंबर १८४४ रोजी, वर्षातील सर्वांत लांब रात्रीच्या प्रारंभी, दुकान उघडले. बाहेर टवाळ पोरांचा घोळका जमला होता. हा संसार एका हातगाडीवर घालून नेता येईल, अशी थट्टा गावातील दुकानदार करीत होते. आम्हांस त्या दुकानदारांचा राग येत नाही. लोण्याचे चार गोळे आणि पिठाची चार पोती पाहून जाणत्या व्यापाऱ्याच्या मनात दुसरे काय येणार?

सुरुवातीला दुकान आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी व शनिवारी संध्याकाळी उघडत असे, कारण तोलणारे हात दिवसभर आपापल्या पोटामागे गुंतलेले असत. माल थोडा घ्यायचा म्हणून घाऊक व्यापारी चांगला भाव देत नसत. म्हणजे खरेदीच महाग. पारख नसल्याने काही वेळा मालही बेताचाच येई. सभासदांच्या बायका कुरकुरत, आणि त्यांची कुरकुर रास्त होती: शेजारच्या दुकानात जे स्वस्त व बरे मिळते, ते आपल्या दुकानातून महाग का घ्यावे? तत्त्वावर निष्ठा असणे वेगळे आणि चुलीवरचे भागविणे वेगळे. लहान दुकानाची खरी परीक्षा त्या पहिल्या वर्षातच होते आणि बहुतेक दुकाने त्यातच जातात. १८४५ अखेर या दुकानाची उलाढाल होती ७१० पौंड, सभासद ७४ आणि शिल्लक नफा अवघा २२ पौंड. शंभराला तीन पौंडांच्या आसपास. आठवड्याचा गल्ला सरासरी चौदा पौंडांहूनही कमी.

तरीही दुकान टिकले. याचे श्रेय दोन नियमांकडे जाते, असे आमचे मत आहे. पहिला नियम रोखीचा. हा नियम गरिबाला कठोर वाटतो आणि तो कठोर होताच. ज्याच्या हाती शनिवारशिवाय पैसा येत नाही, त्याला बुधवारी पीठ नाकारणे सोपे नव्हे. पण उधारीने १८३५ मध्ये काय केले ते त्यांनी पाहिले होते. दुसरा नियम अधिक चतुराईचा. विक्री बाजारभावानेच करायची, भांडवलावर मर्यादित व्याज द्यायचे आणि राहिलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत करायचा. त्यामुळे भाव पाडून शेजाऱ्याशी झुंजण्याची वेळ आली नाही, आणि ज्या गृहिणी कुरकुरत होत्या त्यांच्याच नावे तिमाहीला चार शिलिंग जमू लागले. उधारीची वही जाऊन तिच्या जागी बचतीची वही आली. स्त्रियांना सभासदत्व व मत दोन्ही होते. विवाहित स्त्रीच्या मिळकतीचा पहिला कायदा इंग्लंडमध्ये व्हायला १८७० साल उजाडावे लागले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

१८४९ मध्ये गावातील बचत बँक अफरातफरीने बुडाली. लोक हवालदिल झाले, आणि आपले उरलेसुरले पैसे ठेवायला त्यांना टोड लेनमधले दुकान आठवले! १८५० अखेर सभासद ६०० झाले, उलाढाल १३,१७९ पौंडांवर गेली. पोरांनी ज्याची टिंगल केली ते दुकान पाच वर्षांत विश्वासाचे ठिकाण बनले, ते जाहिरातीने नव्हे. माप पुरे आणि पीठ निर्भेळ, एवढ्याच कारणाने.

यापुढील एक प्रसंग आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. त्याच कापसाच्या टंचाईने मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, शेअरबाजार वेडा झाला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो डोलारा कोसळला. रॉचडेलच्या दुकानाची विक्री १८६२ मध्ये सुमारे १,७६,००० पौंडांवरून १,४१,००० पौंडांवर उतरली. चारशेच्या आसपास सभासद कमी झाले. पण मोठमोठ्या पेढ्या जेथे बुडाल्या तेथे हे दुकान बुडाले नाही. ज्यांनी अडीअडचणीला ठेव मागितली त्यांना ती मिळाली. १८६३ मध्ये तर उत्तर इंग्लंडमधील अशा दुकानांनी एकत्र येऊन मँचेस्टरला स्वतःची घाऊक खरेदीची संस्था स्थापन केली. पहिल्या वर्षीच्या महाग खरेदीचे ते उशिरा आलेले उत्तर होय.

आपल्याकडे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात ग्राहकांचे सहकारी भांडार निघाले. मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली ‘अपना बाजार’ची सुरुवात झाली. वसईत मात्र आपल्या समाजाने १९१८ साली सहकाराची कास धरली ती पतपेढीच्या रूपाने, दुकानाच्या नव्हे. कर्ज देणे-घेणे आम्हांस जमले. तराजू धरणे फारसे जमले नाही. शेतकऱ्याला दुसऱ्याच्या हातचे माप घेण्याची सवय असते, हे एक कारण असेल. दुसरे असे की, शेजाऱ्याला ‘आज उधार नाही’ असे तोंडावर सांगणारा मनुष्य आमच्या आळीत नव्हता. गल्ल्यावर बसविलेले काका सज्जन होते, हाच त्यांचा दोष. दुकान बंद झाल्यावर कित्येक वर्षे ती लाल वही त्यांच्या पेटीत होती आणि त्यांनी ती कोणाला दाखविली नाही.

टोड लेनमधील त्या वखारीत १९३१ पासून संग्रहालय आहे. तेथे जुना तराजू, पिंपे आणि फळीचे टेबल पाहावयास मिळते. दुकान स्वतः १८६७ सालीच त्या गल्लीतील मोठ्या इमारतीत हलले होते. जुनी जागा त्याला पुरेनाशी झाली होती.