एका खोलीतील दोन बिऱ्हाडे

संगणकाचा इतिहास सांगताना आपण त्याच्या वेगाचे गोडवे गातो. त्याच्या काटकसरीची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही.

१९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषा सिद्ध केली. तीत ‘इक्विव्हॅलन्स’ नावाचे एक विधान होते. अमुक दोन चलांनी एकच जागा वापरावी, असे त्याच्या योगे प्रोग्राम लिहिणाराच सांगे. काटकसर माणसाची आणि तिची जबाबदारीही माणसाचीच!

पुढे १९६० च्या अल्गोलने ‘ब्लॉक’ रूढ केला. ब्लॉक संपला की त्यातील चलांचे आयुष्यही संपे. १९६१-६२ च्या सुमारास सोव्हिएत रशियात लाव्रोव्ह व एर्शोव्ह यांनी मोठा मार्मिक विचार मांडला. ज्या दोन चलांचे आयुष्य एकाच वेळी चालू असते त्यांना निराळे रंग द्यावेत. एका रंगाच्या सर्वांना जागा एकच. आता हिशेब माणसाकडून कंपायलरकडे गेला.

पण धर्मशाळेतील उतारू निघून गेल्यावरही कोणी त्याच खोलीच्या पत्त्यावर त्याला शोधीत राहिला तर? सी++ भाषेत पदावलीतील तात्पुरते मूल्य सामान्यतः ते विधान पुरे होताच नष्ट होते. काही जुन्या प्रोग्रामांनी मात्र त्याचा पत्ता जवळ ठेवला होता. खोली रिकामी होती तोवर जुने सामान तिथेच सापडे आणि चूक झाकलेली राही. कंपायलरने स्टॅकवरील त्या जागेत दुसरे बिऱ्हाड आणताच घोटाळा उघडा पडला.

म्हणून १९८७ पासून चालत आलेल्या जीसीसी कंपायलरच्या ४.८ या २०१३ मधील आवृत्तीत ‘एफस्टॅक-रीयूज’ हा पर्याय आढळतो. ‘ऑल’ म्हटले की तात्पुरत्या मूल्यांसकट सर्वांच्या जागा पुन्हा वापराव्यात. ‘नेम्ड व्हार्स’ म्हटले की केवळ नाव दिलेल्या चलांच्या. ‘नन’ म्हटले की कोणाच्याच नाहीत. काही न सांगितल्यास ‘ऑल’ हाच नियम.

‘नन’ने जुना प्रोग्राम तगतो, पण स्टॅक अधिक खर्च होतो आणि दोष जागच्या जागी राहतो. कंपायलरकर्त्यांनी जुन्यांना सवड दिली. नियम मात्र वाकविला नाही. जागा कोणाची, यापेक्षा ती कोठवर आपली, हे ओळखणे अधिक महत्त्वाचे, एवढाच या इतिहासाचा बोध होय.