भाजलेल्या लसणाची पेस्ट : घरगुती पद्धत आणि सुरक्षित साठवण

रब्बीचा नवा लसूण बाजारात आला, की दादर, गिरगाव, लालबागमधील अनेक घरांत तो एकदम जास्त घेतला जातो. त्यातील काही भाजून, वाटून ठेवल्यास रोजचे काम हलके होते. मात्र लालबागच्या मसाला गल्लीतून कांडून आणलेला मसाला वर्षभर टिकतो, तो कोरडा असल्यामुळे. लोणचे टिकते ते मीठ आणि आंबटपणामुळे. लसणाच्या पेस्टमध्ये ओलावा भरपूर आणि आंबटपणा कमी असतो. त्यामुळे तिची साठवण वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

लसणाची निवड
- गड्डी घट्ट, वजनदार आणि वरचे आवरण कोरडे असावे.
- मऊ पडलेल्या किंवा काळी बुरशी आलेल्या पाकळ्या वापरू नयेत.
- मुंबईच्या पावसाळ्यात हवा दमट असते. त्या काळात लसूण थोडाथोडा आणावा.

कृती
१) पाकळ्या न सोलता जाड बुडाच्या कढईत घ्याव्यात. झाकण ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे, अधूनमधून हलवत भाजाव्यात.
२) पाकळी बोटाने सहज दबली की गॅस बंद करावा. भाजल्याने लसणाचा उग्रपणा कमी होऊन गोडसर चव येते. करपल्यास पेस्ट कडू होते.
३) कोमट झाल्यावर साल काढून स्वच्छ, कोरड्या भांड्यात वाटावे.

साठवण
- फ्रिज : दोन तासांच्या आत ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावी. चार दिवसांत संपवावी.
- फ्रीझर : बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या झाकणाच्या डब्यात भराव्यात. उणे १८ अंशांना तीन महिने चव चांगली राहते. लागेल तेवढीच वडी काढावी.
- ओट्यावर किंवा फळीवर पेस्ट अजिबात ठेवू नये.

वर तेल ओतले तर?
तेलामुळे हवा अडते आणि नेमकी हीच स्थिती क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला पोषक असते. त्याचे बीजाणू मातीतून लसणावर येतात आणि घरगुती भाजण्याने मरतीलच असे नाही. कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९८५ मध्ये फ्रिजबाहेर ठेवलेला तेलातील लसूण खाल्ल्याने ३६ जणांना विषबाधा झाली होती. चवीपुरते मीठ किंवा लिंबाचा रस घातला, तरी वरील मुदत वाढत नाही.

या विषाचा वास, रंग किंवा चव कळेलच असे नाही. म्हणून संशय आल्यास चाखून पाहू नका, पेस्ट टाकून द्या. खाल्ल्यानंतर दोन-दोन दिसणे, पापण्या जड होणे, गिळताना किंवा बोलताना त्रास होणे अशी लक्षणे दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठा आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगा.

एका वेळी चार दिवसांपुरतीच पेस्ट करा आणि डब्यावर तारीख लिहा. उरलेला लसूण गड्डीच्या रूपातच हवेशीर जागी ठेवा. तो तसाच जास्त टिकतो.